चारी दारं उघडून

कुठल्याही गाडीत बसण्याआधी माणिकअण्णा तिचा वास घ्यायचे. खरबूज घेताना आपण देठाकडून हुंगतो ना, तसे. आधी एक दार उघडायचं, मान आत घालायची, डोळे मिटून नाकाने दोनदा ओढायचं, मग मान बाहेर काढून उरलेली दारं उघडायची. चारी दारं उघडून स्वतः चार पावलं लांब उभं राहायचं. आत कुणीतरी बसलंय आणि त्याला उतरायला वेळ द्यायचाय, असा चेहरा. मिलवर कुणी व्यापारी आपली मोटार घेऊन आला आणि "माणिक, जरा मागं घे रे" म्हणाला, तरी हा सोहळा पार पडल्याशिवाय ते स्टिअरिंगवर बसत नसत.

"काय करायलाव अण्णा? पाहुण्यांना उशीर व्हायलाय," कुणी हमाल म्हणे.

"कोंडलेली हवा हाय आत. तिला जाऊ द्या की आधी. मंग पाहुन्यांला जाऊ द्या."

आमची डाळमिल बीदरला लागून नौबादला होती. मी तिथे मॅनेजर होतो. म्हणजे हमाल मला मॅनेजर म्हणत, आणि मालक, ज्यांना सगळं नौबाद आप्पा म्हणे, तेही मॅनेजर म्हणत, पण त्यांच्या म्हणण्यात थोडी गंमत असे. मला कामापेक्षा नोटिसा लिहिण्याची हौस. 'येथे थुंकू नये', 'पोत्यांवर झोपू नये', 'नोटीस फाडू नये'. सगळ्यांच्या खाली मी 'आदेशावरून' असं लिहायचो. आदेश कुणाचा, हे कुणी विचारलं नाही, आणि मलाही कधी कळलं नाही.

माणिकअण्णा आमचे ड्रायव्हर. गाव संतपूर, औरादकडचं. मी पाहिलं तेव्हा पन्नाशीला आलेले, उंच, सडसडीत, आणि जागच्या जागी उभं राहणं ज्यांच्या पायांना कधी शिकवलंच गेलं नाही असे. तुरीच्या हंगामात आम्ही आठवड्यातून दोनदा गुलबर्ग्याला जायचो. बाजारात बाकीचे ड्रायव्हर लिंबाखाली तोंड उघडं टाकून झोपायचे, आणि अण्णा जीपभोवती फेऱ्या मारायचे. चाकाला लाथ घाल, आरसा पूस, सावली सरकली की जीप सरकव.

"बसा की अण्णा घटकाभर."

"बसायचंच काम हाय की मॅनेजरसाब दिवसभर."

जीपशी ते दखनीत बोलत. "चल मेरी माँ, कैकू सताती" असं म्हणत चढावर गिअर टाकत. रस्त्यात पोलीस भेटला की कानडीत, आणि आमच्याशी मराठीत. त्या जीपला मुळात दारं होती. अण्णांनी पहिल्याच आठवड्यात ती काढून गोदामात टाकली. बीदरची लाल माती आमच्या तोंडावर, कानात, डब्यातल्या भाकरीत. मी तक्रार केली तर म्हणाले, "माती दिसती तरी. झटकता येती. हवा दिसत न्हाई, तिला कसं झटकताव?"

ह्या नाकाचा प्रताप मी एकदा अगदी जवळून पाहिला होता, आणि त्यातही मूर्ख मीच होतो. गोदामात तुरीला कीड लागू नये म्हणून आम्ही गोळ्या ठेवायचो. अर्धा उरलेला एक डबा मी सासऱ्यांसाठी उचलला. सासरे भालकीचे, त्यांच्या घरी ज्वारीला पोरकिडे झाले होते. जावयाने रिकाम्या हाताने जाऊ नये. डबा तापू नये म्हणून मी तो ओल्या टॉवेलात गुंडाळला आणि जीपमध्ये माझ्याच सीटखाली ठेवला. ह्या गोळ्यांना ओल लागली की विषारी वायू सुटतो, हे डब्यावर लिहिलेलं होतं. पण मी नोटिसा लिहिणारा माणूस, वाचणारा नव्हे.

कोसभर गेलो असू. अण्णांचं नाक हललं.

"मॅनेजरसाब, लसूण कोन खाल्लंय?"

"माझ्या डब्यात चटणी आहे."

"ही चटनी न्हाई." त्यांनी जीप थांबवली. "ही मरायलेली लसूण हाय."

मग ते मला दंडाला धरून उतरवून वाऱ्याच्या वरच्या बाजूला घेऊन गेले, स्वतः तोंडाला धोतराचा सोगा बांधून परत आले, काठीने तो टॉवेल ओढला आणि डबा पार रस्त्याच्या पलीकडे उकिरड्याच्या खड्ड्यात लोटून वर माती टाकली. परत येऊन नुसत्या येरझाऱ्या. शेवटी म्हणाले, "हिला दारं असती तर तुमच्या सासऱ्याला गोळ्याबी मिळाल्या नसत्या अन जावईबी."

ही हकीकत मी मिलमध्ये सांगितली, तेव्हा लसणाचा वास मला आधी आला असं सांगितलं. अण्णा तिथेच होते. ऐकून घेतलं आणि जीपचा आरसा पुसायला गेले.

आता नव्या गाडीकडे येतो. जितकं टाळायचं तितकं टाळून झालं.

आप्पांनी हैदराबादहून कोरी मोटार आणली. पांढरीशुभ्र. अंगणात आली तेव्हा हमालांनी हात धुतल्याशिवाय तिला हात लावला नाही. पूजा झाली, चाकाखाली लिंबं झाली, अक्कांनी, म्हणजे आप्पांच्या मंडळींनी, बॉनेटवर हळदीचं स्वस्तिक काढलं. सीटवर कंपनीचं प्लास्टिक होतं. ते तसंच राहिलं. आमच्याकडे नव्या वस्तूचं नवेपण हे लोणच्यासारखं असतं. बरणी उघडी राहिली की गेलं. लग्नात आलेल्या कपाटाच्या आरशावरचा कागद नातवाच्या मुंजीपर्यंत न काढणारी घरं मी पाहिलीत, त्यातलं एक माझं. तेव्हा त्या मोटारीचं नवेपण सांभाळायची जबाबदारी आप्पांनी माझ्यावर टाकली, आणि मी ती कुवतीबाहेर जाऊन पार पाडली.

एक, बीदरला करीमभाई रेक्झिनवाल्याकडून आतलं छत मरून रंगाच्या रेक्झिनने मढवून घेतलं, खाली तसलाच जाड गालिचा चिकटवून घेतला. दोन, मिलमधले उंदीर वायरी खातात म्हणून प्रत्येक सीटखाली मूठमूठ डांबरगोळ्या. तीन, समोर गुलाबाच्या अत्तराची बाटली. आणि चार, स्टिअरिंगच्या बाजूला, सुवाच्य अक्षरात: 'काचा खाली करू नयेत. धूळ आत येते व नवेपणा बाहेर जातो. आदेशावरून.'

करीमभाई मला म्हणाला होता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळं ह्यावरच आहे. गाडी परत देताना तो म्हणाला, "दस-बारा दिन दरवाजे खुल्ले रखके धूप दिखाओ साब. सोल्युशन कच्चा है. हमे बी बाहर बैठके चिपकाते, अंदर बैठे तो सर फिरता." मी 'हाँ हाँ' म्हटलं. दहा-बारा दिवस दारं उघडी ठेवली तर नवेपण काय राहणार?

अण्णांनी पहिल्यांदा मान आत घातली आणि लगेच बाहेर काढली. डोळ्यांत पाणी. मग पुन्हा वाकून त्यांनी माझी नोटीस वाचली. शांतपणे, ओळीवर बोट ठेवून.

"हे कोन लिवलंय?"

"आदेश आहे अण्णा."

"आदेशाला नाक न्हाई का?"

त्यांनी चारी दारं उघडली. मी बंद केली. वारा होता, धूळ होती, आणि अंगणात आप्पा उभे होते. अण्णा आप्पांकडे गेले. "आप्पा, काच जरा खाली ठिवली तर..."

"धूळ येती की रे माणिक. नवी हाय अजून."

झालं. त्यानंतर दोन-अडीच आठवडे आम्ही त्या बंद डब्यातून हिंडलो. चैत्राचं ऊन. सीटवरून उठताना प्लास्टिक पाठीला चिकटून वर यायचं. आप्पा मागे बसले की हुमनाबाद यायच्या आत घोरायला लागायचे, आणि गुलबर्ग्याला उतरून भेटेल त्याला सांगायचे, "काय झोप लागती रे नव्या गाडीत, पलंगावर लागत न्हाई." अक्का एकदा आल्या, त्यांना दोनदा ओकारी झाली. दृष्ट लागली असं ठरलं, लिंबू बदललं, आणि दृष्ट उतरावी म्हणून आत उदबत्ती लावायची सुरुवात झाली. काचा वरच. मला रोज कपाळ ठणकायचं. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन चष्म्याचा नंबर बदलून घेतला. नव्या चष्म्यातूनही डोकं तितकंच दुखलं, फक्त जास्त स्पष्ट.

आणि अण्णा? ते त्या गाडीशी एक अक्षर बोलले नाहीत. ना 'मेरी माँ', ना 'कैकू सताती'. डोळे लाल दिसायचे. उतरल्यावर दाराला धरून थोडा वेळ उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "मॅनेजरसाब, ह्या गाडीत बसलं की मला माझंच बोलनं लांबून ऐकू यायलंय." मी म्हटलं, वय झालं अण्णा.

तो दिवस बाजाराचा होता. गुलबर्ग्याला गाडी सकाळपासून उन्हात उभी. दारं उघडी ठेवायची नाहीत, ही माझीच ताकीद. दुपारी अण्णा आणि मी एका ओट्यावर बसून जेवलो. त्यांनी भाकरी, ठेचा, कांदा खाल्ला आणि रांजणातलं दोन तांबे पाणी प्यायले. दुसरा तांब्या मीच भरून दिला. हे लक्षात ठेवा, कारण मी विसरलो.

परतताना आप्पा मागे झोपलेले, मी पुढे पेंगत होतो. हुमनाबादच्या अलीकडे गाडी हळू झाली, कडेला लागली आणि थांबली. अण्णा उतरले. चार पावलं गेले, ती चारी चार दिशांना. लिंबाच्या झाडाला हात टेकून ओकले आणि खाली बसले, डोकं दोन्ही हातांत धरून. शेजारी चहाची टपरी होती. तिथली दोघंतिघं आली. त्यातला एक म्हणाला, "सिंदी जास्त झाली जनू."

आप्पा जागे झाले. उतरले. त्यांनी अण्णांचे लाल डोळे पाहिले, लटपटते पाय पाहिले.

"माणिक, पिऊन गाडी चालवायलास माझी?"

"न्हाई आप्पा." जीभ जड झाली होती. "दीक्षा घेतल्यापून थेंब न्हाई."

अण्णांच्या घरी त्यांच्या तरुणपणीच धम्मदीक्षा झाली होती. वडिलांनी देव्हारा सोडला, अण्णांनी सिंदी सोडली. ते स्वतःच हसत सांगायचे, "आधी सिंदीचं झाड बघून मी त्याचं वय सांगायचो. आता नुसती सावली बघतो, अन तीबी फुकाट." हे मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांनाही.

पण आप्पा माझ्याकडे वळले. "मॅनेजर, तू संगं होतास बाजारात. प्याला काय रे हा?"

आता बघा. मला तो तांब्या दिसत होता. करीमभाई दिसत होता. पण खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागणार. रेक्झिन कुणी लावलं, काचा कुणी बंद केल्या, दारं कुणी उघडू दिली नाहीत. आणि आप्पा, टपरीवाला, सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं आप्पा."

अण्णांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, रागाने पाहिलं असतं तर मला सोयीचं गेलं असतं. ते उठले, झाडाला धरून धरून गाडीपर्यंत आले आणि किल्ली बॉनेटवर ठेवली, अक्कांच्या स्वस्तिकाच्या बरोबर मधोमध. मग रस्त्यावर उभे राहिले. एक लॉरी थांबली, तिच्या टपावर चढून बसले आणि गेले. उघड्या हवेत.

मला लायसन होतं. चालवायची सवय नव्हती, पण लायसन होतं. नवा ड्रायव्हर मिळेपर्यंत गाडी माझ्या हाती आली. मोठेपणा किती खालून उगवतो पाहा, मला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी मंठाळला तूर पाहायला जायचं होतं. गाडी सकाळभर अंगणात उन्हात, काचा बंद. नोटीस माझीच, ती मी कशी मोडणार? शिवाय मनात कुठेतरी हेही होतं, की मी बंद काचांनी सुखरूप पोचलो तर अण्णा खरंच प्यायलेले ठरतील आणि माझं लक्ष नसणं खरं ठरेल. हे त्या वेळी मी स्वतःला ह्या शब्दांत सांगितलं नाही. माणूस स्वतःशी एवढं स्पष्ट बोलत नाही.

आमच्या बीदरकडच्या कल्याणपर्यंत छान गेलो. आप्पा घोरत होते. नंतर मला गाणं सुचायला लागलं, मग हसू यायला लागलं, मग जिभेला गोडसर चव आली आणि समोर दोन रस्ते दिसायला लागले. मी विचार करून त्यातला एक निवडला. तो नव्हता. मंठाळच्या अलीकडे, वळणावर, मी त्या कोऱ्या मोटारीसकट सरळ एका कडब्याच्या गंजीत शिरलो.

कडबा मऊ असतो. कुणाला काही झालं नाही, गाडीलाही नाही. शेतातली माणसं धावत आली, त्यांनी मला बाहेर ओढलं. मला उभं राहता येत नव्हतं. डोळे तांबडे, जीभ जड. मी म्हणे शेजारच्या म्हशीला 'आदेशावरून बाजूला व्हा' म्हणालो. आप्पा उतरले ते गुडघ्यावरच बसले.

"साहेबाला ऊन लागलं की वं," एक म्हातारी म्हणाली. "कांदा आना कुनी."

कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला. ताकाचा तांब्या आला. डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. आप्पांना पित्त झालं असं ठरलं, त्यांना खडीसाखर दिली. पाचपन्नास माणसं जमली असतील, आणि त्यातल्या एकाही तोंडातून, एकाही, 'प्यायलाय' हा शब्द निघाला नाही. कुणी माझं तोंड हुंगलं नाही.

मी त्या बाभळीखाली ताक पीत पडलो होतो आणि जसजसं डोकं साफ होत गेलं तसतसं मला वाईट वाटत गेलं. डोळे तेच, पाय तेच, रस्ताही जवळजवळ तोच. त्यांची सिंदी, आणि माझं ऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी संतपूरला गेलो. एसटीत मी खिडकीपाशी बसलो, काच उघडी ठेवून, आणि सगळ्या वाटेत एका जागी बसवेना. अण्णा अंगणात फेऱ्या मारत होते. मला पाहून थांबले नाहीत. त्यांच्या मंडळींनी पाणी दिलं, बाजलं टाकलं, आणि अण्णा गोठ्याकडे वळले तेव्हा हळूच बोलल्या.

"ते यायच्या आधी बात आली गावात. टपरीवर आमच्या गावचा कोनी व्हता म्हनं. पुनवेला विहारात हेच पुढं बसून शीलं सांगतेत, इतक्या सालापासून. परवा पुनव झाली. गेले अन मागं जाऊन बसले. कोनी काय म्हनलं न्हाई हो त्यान्ला. पाचवं शील आलं की समदे मान वळवून ह्यांच्याकडं बघायलेत. हे गप. तोंडच उघडलं न्हाई."

पंचशीलातलं पाचवं शील दारू न पिण्याचं असतं. एवढं मला माहीत होतं.

अण्णा आले. मी सगळं सांगितलं, करीमभाईपासून कडब्यापर्यंत. कडब्याच्या जागी त्यांच्या मिशीचं एक टोक हललं, पण तेवढंच.

"म्हणून म्हणतो अण्णा, कामावर या."

"कामाचं कोन इचारलंय?" ते चालतच होते. मी बाजल्यावर बसून मान इकडून तिकडे फिरवत होतो. "लक्ष न्हवतं म्हनलाव तुमी. तांब्या भरून दिलाव, अन लक्ष न्हवतं. कामून?"

मी खिशाला हात घातला आणि पेन काढलं.

"मी लिहून देतो अण्णा. सही करून."

"कागद नगं." आता ते थांबले. "तुमचे लई कागद वाचलो. तोंडानं म्हनलाव, तोंडानं सांगा. आप्पापुढं सांगा. अन हितं सांगा, विहारात, पुनवेला."

बीदरला परतलो आणि दुसऱ्या दिवशी मिलच्या अंगणात आप्पांपुढे उभा राहिलो. हमाल पोती वाहत होते. मी खिशातून कागद काढला. हो, लिहून नेलं होतं. सवय.

"कागद ठिव की बाजूला," आप्पा म्हणाले. "काय ते बोल."

मी बोललो. वाईट बोललो, मध्ये मध्ये खोकलो, 'आदेश' हा शब्द दोनदा आला. पण तांब्या सांगितला, करीमभाई सांगितला, आणि लक्ष होतं हेही सांगितलं. हमालांची पोती पाठीवरच थांबली होती.

आप्पा उठून गाडीपाशी गेले, दार उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने मान आत घालून वास घेतला. नीट, दोनदा.

"मला वाटलं," ते आतूनच म्हणाले, "शिरीमंतीचा वास असाच असतोय."

मग त्यांनी सीटवरचं प्लास्टिक धरून ओढलं. ते फाटलं तेव्हा सगळं अंगण त्या आवाजाने दचकलं. नोटीस मी काढली. ती चांगली चिकटली होती, करीमभाईच्याच सोल्युशनने.

पुढच्या पुनवेला आप्पा, मी आणि एक भाड्याचा ड्रायव्हर संतपूरला गेलो. चारी काचा खाली. मधल्या महिन्यात गाडी रोज दारं उघडून उन्हात ठेवली होती, तरी अजून किंचित वास यायचा. पोचलो तेव्हा आप्पांच्या पांढऱ्या धोतराचा रंग विचारू नका. विहार म्हणजे एक पत्र्याची खोली आणि पुढे सारवलेलं अंगण. माणसं बसली होती, बायका एका बाजूला. अण्णा मागे, भिंतीपाशी, उठबस करत, कधी खांबाला टेकून, कधी दारात.

मी उभा राहिलो. ह्या वेळी खिसा रिकामा होता. मिलमध्ये जे बोललो तेच बोललो, फक्त खोकलो कमी. शेवटी म्हणालो, "अण्णा पाणी प्यायले होते. ते मी भरून दिलं होतं. मला दिसत होतं आणि लक्ष नव्हतं असं मी म्हणालो."

टाळ्याबिळ्या वाजल्या नाहीत. कुणी 'असू द्या साहेब' म्हणून माझी सुटका केली नाही. एक म्हातारे गृहस्थ नुसते सरकले आणि पुढे जागा झाली. अण्णा मागून आले, त्या जागेवर मांडी घालून बसले आणि त्यांनी शीलं सांगायला सुरुवात केली. लोक मागून म्हणत होते. पाचवं आलं. अण्णांचा आवाज तिथे चढला नाही की थरथरला नाही. बाकीच्या चारांसारखंच ते पाचवं म्हणाले. मी त्यांचे पाय बघत होतो. बोटसुद्धा हलत नव्हतं. इतक्या वर्षांत तो माणूस न हलता बसलेला मी तेव्हा पाहिला, आणि तेवढाच.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "माणिक, कधी येतोस?"

"पुतन्यानं ट्रॅक्टर घेतलंय आप्पा, जुनं. त्याच्यावर बसायलोय."

"ट्रॅक्टर काय चालवायलास रे? ही गाडी बघ, प्लास्टिक काढलंय, काचा खाली हायत."

"व्हय की. चांगलं केलाव." ते हसले. "पन ट्रॅक्टरला काचाच न्हाईत."

आप्पांनी आग्रह धरला नाही. मला वाटतं, अण्णा आता परत येणार नाहीत हे त्यांना कळलं होतं. मलाही कळलं होतं. त्या दिवसाचं बोलायचं ते बोलून झालं होतं.

निघताना आम्ही गाडीकडे वळलो तर अण्णा आमच्या आधी तिथे पोचलेले. दार उघडून मान आत. डोळे मिटून, दोनदा. मग चारी दारं उघडली आणि चार पावलं लांब येऊन आमच्याजवळ उभे राहिले. डाळमिलचा मालक, मॅनेजर आणि भाड्याचा ड्रायव्हर, आम्ही तिघेही रणरणत्या उन्हात, एक रिकामी गाडी मोकळी व्हायची वाट बघत.

"बसा आता," अण्णा म्हणाले.

बसलो. वळणावर मी मागे पाहिलं. विहाराच्या पलीकडे तो ट्रॅक्टर उभा होता. ना दार, ना काच, ना छप्पर. वरती नुसतं आभाळ. अण्णा त्याच्यापाशी गेले, सीटवर वाकले, मान खाली नेऊन दोनदा वास घेतला. मग सरळ झाले आणि चार पावलं मागे सरून उभे राहिले.